गाडीची देखभाल : ऑइल, फिल्टर आणि पावती

मंडळी, मागच्या अंकातल्या टायरच्या लेखानंतर बरेच फोन आले. त्यातला एक मात्र चांगलाच टोचला. आमच्या मंडळातल्या एका स्नेह्यांच्या घरून वहिनी बोलत होत्या, "भाऊजी, ऑइल घरीच बदला, पैसे वाचतील, असं तुम्हीच सांगितलं होतंत ना? आता डीलर म्हणतो वॉरंटी मिळणार नाही!"

गाडी अडीच वर्षांची, इंजिनात खडखड. डीलरने ऑइल बदलल्याचा पुरावा मागितला. स्नेह्यांनी ऑइल अगदी वेळेवर बदललं होतं, पण पावती एकही ठेवली नव्हती. चूक अर्धी माझी. ड्राइव्हवेवर आडवं पडून मी त्यांना सगळं दाखवलं, कागद जपून ठेवा हे सांगायचं तेवढं राहिलं. म्हणून हा लेख.

आधी कायदा. "आमचंच ऑइल आणि आमचाच फिल्टर वापरा, नाहीतर वॉरंटी गेली" असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. अमेरिकेत १९७५ सालचा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. कंपनीला स्वतःच्याच ब्रँडची सक्ती करायची असेल, तर तिने ती वस्तू फुकट द्यावी किंवा फेडरल ट्रेड कमिशनची खास परवानगी घ्यावी. मात्र चुकीच्या ऑइलमुळे किंवा खराब फिल्टरमुळेच इंजिन बिघडलं, तर त्या दुरुस्तीचा खर्च कंपनी नाकारू शकते. तेव्हा ब्रँड आपल्या आवडीचा, पण दर्जा मॅन्युअलमध्ये लिहिलेलाच हवा.

ऑइल घेताना दोन गोष्टी बघा. पहिली ग्रेड. ०डब्ल्यू-२० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा इंजिन तापल्यावरचा दाटपणा. भारतात आपण २०डब्ल्यू-४० वापरलेलं, त्यामुळे "जाड ऑइल म्हणजे जास्त संरक्षण" हे डोक्यात पक्कं बसलंय. नव्या इंजिनांत व्हॉल्व्हचं टायमिंगसुद्धा ऑइलच्या दाबावर बदलतं, वाटा बारीक असतात. तिथे हा हिशेब चालत नाही. दुसरी गोष्ट, डब्यावरचा एपीआयचा शिक्का. एसपी हा वर्ग २०२० मध्ये आला, एसक्यू २०२५ मध्ये. मॅन्युअलमध्ये जुना वर्ग असेल तर त्याच ग्रेडचं नव्या वर्गाचं ऑइल साधारणपणे चालतं. पण जीएमच्या डेक्सॉससारखी कंपनीची वेगळी अट असेल, तर ती डब्यावर शोधाच.

फिल्टर आपल्या मॉडेलचा आणि वर्षाचा नंबर बघूनच घ्या. नुसता आटा जुळला म्हणजे फिल्टर बरोबर असं नाही. बहुतेक फिल्टरांत आत दोन व्हॉल्व्ह असतात. एक इंजिन बंद असताना ऑइल खाली उतरू देत नाही, दुसरा फिल्टर तुंबला तरी इंजिनाला ऑइल मिळत राहील हे बघतो. भलत्याच फिल्टरमध्ये यांची गफलत होते. आणि जुना फिल्टर काढल्यावर त्याचं रबरी गॅस्केट इंजिनाला चिकटून राहिलं नाही ना, हे हात लावून तपासा. एकावर एक दोन गॅस्केटं बसली की सगळं ऑइल रस्त्यावर!

शेवटी कागद. ग्लोव्ह बॉक्समध्ये एक वही ठेवा. तारीख, मैल, ऑइलचा ब्रँड आणि ग्रेड, किती क्वार्ट घातलं, फिल्टरचा नंबर, एवढं लिहा. पावत्यांची शाई उडते, म्हणून फोटोही काढून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे.

आमच्या स्नेह्यांनी क्रेडिट कार्डाची जुनी स्टेटमेंटं उपसली, दुकानातून दोन पावत्या पुन्हा छापून आणल्या. दीड महिन्याच्या फोनाफोनीनंतर कंपनीने निम्मा खर्च दिला. उरलेला निम्मा त्यांच्या खिशातून गेला. वहिनी अजूनही चहा देतात, पण "भाऊजी, पावती हवी का?" असं विचारून!

पुढच्या अंकात बॅटरी. तोपर्यंत मॅन्युअल एकदा उघडाच.