चूल वेगळी, कागद एकत्र

थोरल्या मुलाचे बिऱ्हाड वेगळे झाले हे सांगताना मराठी खेड्यात वाटणीपत्राचा दाखला कोणी देत नाही. त्याची चूल वेगळी झाली, एवढे म्हटले की पुरते. सरकारदरबारी मात्र एवढ्याने भागत नाही. गोंदिया तालुक्यातील दवनीवाड्यासारख्या गावात घरकुल योजनेतून अथवा पदरच्या पैशाने नवे घर उभे राहते. परंतु त्या घरात दिवा लागावा आणि गॅसची शेगडी पेटावी, यासाठी दोन वेगवेगळ्या दारी एकच गोष्ट दोनदा सिद्ध करावी लागते: हे कुटुंब येथे राहते, आणि स्वतंत्र राहते.

प्रथम विजेचा विचार करू. वीज ही शासनाची मेहेरबानी राहिलेली नाही. वीज कायदा, २००३ च्या कलम ४३ ने मागेल त्याला जोडणी देणे हे वितरण कंपनीचे कर्तव्य ठरविले आहे. विलंब झाल्यास दिवसाला एक हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्याच कलमात आहे. ग्राहकांच्या हक्कांविषयी केंद्राने २०२० मध्ये केलेल्या नियमांनी ग्रामीण भागासाठी तीस दिवसांची कमाल मुदत घातली. २०२४ च्या दुरुस्तीने डोंगराळ भाग वगळता ती पंधरा दिवसांवर आणली. कागदावर पाहता याहून अधिक मागण्यासारखे काही उरत नाही.

परंतु ही मुदत मोजली जाते ती ‘परिपूर्ण’ अर्ज दाखल झाल्यापासून. खरा कालापव्यय त्याआधी होतो, आणि तो कोणत्याही नोंदवहीत चढत नाही. परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल पैसे मोजले की मिळतो. अडते ते जागेच्या पुराव्यापाशी. गावठाणातील जागा वडिलांच्या, क्वचित दिवंगत आजोबांच्या नावे असते. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा मुलाच्या नावे व्हावा, तर भावांची संमती हवी. ती मिळेपर्यंत अर्ज अपुरा, आणि अर्ज अपुरा तोवर मुदतीचा पहिला दिवसही उजाडत नाही.

गॅसच्या दारीही चित्र वेगळे नाही. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गरीब घरातील स्त्रीच्या नावे जोडणी दिली, हे तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. तथापि एका कुटुंबास एकच जोडणी हा नियम आहे, आणि कुटुंब कोणते हे शिधापत्रिकेवरून ठरते. नव्या घरातील सुनेचे नाव सासऱ्याच्या शिधापत्रिकेत असेल आणि त्या घरी सिलिंडर आधीच असेल, तर तिचा अर्ज तेथेच थांबतो. शिधापत्रिका विभक्त करण्यासाठी तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेचा रस्ता धरावा लागतो. म्हणजे रोजमजुरी बुडवून एक हेलपाटा विजेसाठी, दुसरा शिधापत्रिकेसाठी, आणि तिसरा गॅस वितरकाकडे.

वस्तुतः या दोन्ही बाबतींत कायदा कचेरीपेक्षा उदार आहे. कलम ४३ मध्ये अर्जदार म्हणून ‘मालक किंवा भोगवटादार’ असे शब्द आहेत. मालकीची अट त्यात नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका भाडेकरूच्या प्रकरणात स्पष्ट केले की, वीज ही मूलभूत सोय असून मालकाने ना-हरकत दिली नाही एवढ्यावरून ती नाकारता येणार नाही; अर्जदार त्या जागेत राहतो किंवा नाही, एवढेच पाहिले जावे. गॅस पुरवठ्याच्या २००० च्या सुधारित आदेशातही कुटुंबाची व्याख्या पतिपत्नी, अविवाहित मुले व अवलंबून असलेले आईवडील, एका घरात व एका स्वयंपाकघरात राहणारे, अशी आहे. चूल वेगळी तर कुटुंब वेगळे, हा खेड्याचा न्याय कायद्यानेही मान्य केलेला आहे. अमान्य आहे तो फक्त खिडकीवर.

या विलंबाची किंमत कोण मोजतो? वडिलांच्या घरातून वायर ओढून मुलाने दिवा लावला, तर परवानगीबाहेरच्या जागेत वापर म्हणून तो कलम १२६ अन्वये अनधिकृत ठरू शकतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. सून ओल्या सरपणाच्या धुरात स्वयंपाक करते. शेजारच्या तिरोडा तालुक्यात ३,३०० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र उभे असताना दहावीच्या मुलाने उताऱ्यावरील एका नावासाठी अंधारात बसावे, यातील विसंगती सांगण्यास अर्थतज्ज्ञाची गरज नाही.

पुराव्याची अट सैल केली तर अतिक्रमणे वाढतील आणि दुबार जोडण्या घेतल्या जातील, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. परंतु वीजबिल हा मालकीचा पुरावा नव्हे, असे जोडणी देतानाच लिहून घेता येते. थकबाकीदाराची वीज तोडण्याचा अधिकार कंपनीकडे आहेच. दुबार गॅसजोडणी आधार क्रमांकावरून उघडकीस येते. शिवाय २०२१ च्या उज्ज्वलाच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांना पत्ता व कुटुंबाचा तपशील स्वयंघोषणेने देण्याची मुभा मिळाली. गाव सोडून नागपूरला गेलेल्याच्या शब्दावर शासन विश्वास ठेवते; मग गावातच नवे घर बांधणाऱ्याच्या शब्दावर का ठेवू नये?

उपाय खर्चाचा नाही. ग्रामपंचायतीने प्रत्यक्ष पाहणी करून ‘अमुक कुटुंब या घरात स्वतंत्रपणे राहते’ असा एकच दाखला द्यावा आणि तो वीज, गॅस व शिधापत्रिका या तिन्ही ठिकाणी ग्राह्य धरावा. अर्ज अपुरा असला तरी त्याची तारखेसह पोच द्यावी, आणि सर्व त्रुटी एकाच वेळी लेखी कळवाव्यात. प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत वीज व गॅस घरकुलाला जोडून द्यावेत असे मूळ धोरणच आहे; तेव्हा घरकुलाचा मंजुरी आदेश हाच या दोन्ही सोयींचा अर्ज मानण्यास काय हरकत आहे?

सरकारने भिंतींना पैसा दिला, छपराला दिला. त्या छपराखाली राहणाऱ्या माणसाला तेथील रहिवासी म्हणून ओळखणे एवढेच बाकी आहे. त्यासाठी नवा कायदा नको. आहे तो वाचला तरी पुरे.