आधी खाडा बंद करा, मग सांगायला सांगा

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढण्याचा विषय निघाला की सभेत एक शहाणा माणूस हमखास उठतो. तो डॉक्टर असेल, कारखान्याचा शेतकी अधिकारी असेल, नाहीतर पुण्या-मुंबईहून आलेला कुणी सल्लागार असेल. त्याचं म्हणणं सरळ असतं. बायांनी दुखणं अंगावर काढलं, लाजेपायी लपवलं, टोळी नेणाऱ्या मुकादमाला वेळेवर सांगितलं नाही आणि शेवटी थेट ऑपरेशन करून मोकळ्या झाल्या. सांगितलं असतं तर ही वेळ आली नसती. मग त्याच दमात उपायही येतो: जागृती करा, बायांना बोलतं करा.

हे बोलणं समंजस वाटतं, म्हणूनच त्याचा समाचार घ्यायला हवा. महिन्याचा पगार घेणाऱ्याला हा सल्ला योग्यच आहे. पोटात कशानं दुखतंय ते अजून कळलेलं नसलं तरी साहेबाच्या कानावर घालावं, कारण रजा शिल्लक असते. ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, लागू असेल तर डॉक्टरच्या दाखल्यावर सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत मिळते, आणि त्या दिवसांत मालकाला कामावरून काढता येत नाही. तिथं सांगितल्यानं सांगणाऱ्याचं काही भलं होतं. उसाच्या फडात सांगितल्यानं काय होतं, ते आता पाहू.

धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात, आणि थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. निघण्याआधीच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. ती एकट्या माणसाला मिळत नाही, जोडीला मिळते, आणि त्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. नवरा तोडतो, बायको पाचट काढून मोळ्या बांधते, मग दोघं मिळून त्या डोक्यावरून गाडीवर चढवतात. मजुरी टनावर. जोडीतलं एक माणूस बसलं की कोयता बसला, आणि कोयता बसला की खाडा. खाड्याचा दंड बायका पाचशे रुपये सांगतात, कुठं हजारही सांगतात. म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर हा दंड उचलीत चढतो. हंगाम संपला आणि उचल फिटली नसली की उरलेली रक्कम पुढच्या हंगामावर जाते. आजारी पडण्यासाठी पैसे मोजावे लागणारी ही नोकरी आहे, आणि अशा नोकरीत सांगण्याला गुण म्हणणाऱ्यानं आधी त्या गुणाची किंमत विचारावी.

‘मुकादमाला सांगा’ या वाक्यात मुकादम हा मालक आहे असं गृहीत धरलेलं असतं. कारखान्याला विचारा. ही आमची कामगार नव्हे, आमचा करार वाहतूकदाराशी आणि मुकादमाशी, असं उत्तर मिळतं. मुकादमाला विचारा. मी कसला मालक, कारखान्याचा पैसा घेऊन तुम्हाला दिलाय, माझं घर गहाण पडलंय, असं तो म्हणतो. आणि कागदावर तर या बाईचं नावही बहुतेकदा नसतं. उचल नवऱ्याच्या हातात, हिशेब नवऱ्याच्या नावावर, ती अर्ध्या कोयत्यापुरती. जिला नोकर म्हणून कुणी मोजत नाही तिनं मालकाला दुखणं सांगावं असा हा सल्ला आहे. पत्ता न लिहिलेलं पाकीट पोस्टात टाकल्यासारखं ते आहे.

दुसरं गृहीतक आणखी पोकळ आहे. बाया सांगत नाहीत, हेच मुळात खोटं. अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोटात कळा येतात, पाळी पंधरा-पंधरा दिवसांनी येते, हे जावेला ठाऊक असतं, शेजारच्या कोपीतल्या बाईला ठाऊक असतं, नवऱ्याला ठाऊक असतं आणि मुकादमालाही असतं. पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोपीत, जिथं न्हाणी नाही, संडास नाही, पाळीचं फडकं धुवायला पुरेसं पाणी नाही, तिथं लपवणार तरी काय? बाई म्हणते, “मुकादम, आज जमायचं नाही.” मुकादम विचारतो, “काय झालंय?” सगळी गोष्ट या प्रश्नापाशी अडते. तिला काय झालंय ते तिला माहीत नाही. कुणी तपासलेलंच नाही. ताप असता तर हात लावून दाखवता आला असता, कोयता लागला असता तर रक्त दिसलं असतं. निदान न झालेल्या दुखण्याला फडात पुरावा नसतो, आणि पुरावा नाही म्हणजे ढोंग. “सगळ्याच बायांना होतंय, तुलाच काय?” हे उत्तर ठरलेलं.

मग पुरावा कुठून आणायचा? इथं खाजगी दवाखाना कथेत येतो. खरं तर पांढरं जाण्याच्या बऱ्याच तक्रारी गोळ्यांनी बऱ्या होण्यासारख्या असतात. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी, पॅप स्मिअर, सोनोग्राफी, गरज पडली तर पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवणं, हा शिरस्ता वैद्यकशास्त्रात नवा नाही. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, ते १९७४ पासून. ग्रामीण भागासाठी काढलेलं आशियातलं पहिलं म्हणून त्याचा अभिमानानं उल्लेख होतो. पण तपासणीला दोन-तीन खेपा लागतात, रिपोर्टला थांबावं लागतं, उपचाराला आठवडे लागतात, आणि बाई असते तीनशे किलोमीटरवर कोल्हापूर-सांगलीच्या फडात. गावी हाताशी येतो तो पावसाळा, तोही निंदणी-खुरपणीत जातो. अशा बाईला “पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल, काढून टाका” असं सांगणारा डॉक्टर भेटला की त्याच्या एका वाक्यात तिला तीन गोष्टी मिळतात: दुखण्याला नाव मिळतं, पाळीच्या चार दिवसांच्या खाड्यातून सुटका मिळते, आणि मुकादमापुढं ठेवायला एक फाइल मिळते. जो मुकादम एक दिवसाचा खाडा माफ करत नव्हता तोच ऑपरेशनला पैसे देतो, उचलीत धरून. अनेक बायांनी हे सांगितलेलं आहे.

आकड्यांवरून पूर्वी पुष्कळ वाद झाला. विधान परिषदेत जून २०१९ मध्ये सरकारनं सांगितलं की तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं पाहणी केली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं. दोन्ही पाहण्यांची रीत वेगळी आहे हे मान्य करूनही ही तफावत उडवून लावता येत नाही.

यावर दुसरा पक्ष म्हणतो की बाया स्वखुशीनं जातात. दोन-तीन लेकरं झाली, आता पिशवीचं काय काम, असं त्याच म्हणतात. म्हणतात, हे खरं आहे. मीही ऐकलं आहे. पण आजाराचा एक दिवस सुट्टीत धरला गेला असता तरी त्यांनी हेच म्हटलं असतं का, हा प्रश्न कुणी त्यांना विचारत नाही. शिवाय ही खुशी फार काळ टिकत नाही. तिशीत पिशवी गेली, सोबत बीजकोशही काढले गेले, की पाळी जाण्याच्या वयातली सगळी दुखणी वीस वर्षं आधी दारात येतात: हाडं ठिसूळ होणं, अंगातून वाफा निघणं, झोप उडणं. आणि मोळी उचलून कंबर दुखत होती ती पिशवी काढल्यावरही दुखतेच, कारण दुखण्याचं मूळ मोळीत होतं.

तिसरा पक्ष सगळा दोष डॉक्टरांवर टाकतो. त्यात तथ्य आहे. जिल्ह्यात खाजगी दवाखान्यांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचं बंधन आलं ते योग्यच झालं. सर्वोच्च न्यायालयानंही एप्रिल २०२३ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सर्व राज्यांनी लागू करावीत असा आदेश दिला. पण परवानगीनं शस्त्रक्रिया अडते, दुखणं अडत नाही. पिशवी वाचलेली बाई दुसऱ्या दिवशी त्याच कळा घेऊन त्याच फडात उभी राहते, आणि खाडा तिथंच असतो.

मुकादमाची बाजूही मांडली पाहिजे, कारण त्याला राक्षस ठरवून काही साधत नाही. तो बहुतेकदा त्याच गावचा, त्याच भावकीतला, काल-परवापर्यंत स्वतः कोयता धरलेला माणूस असतो. दोन मुकादमांची उचल घेऊन तिसरीकडे गेलेल्या टोळ्यांनी कित्येक मुकादम बुडालेत. आजारपणाची सबब त्यानं पुष्कळ वेळा खोटी पाहिलेली असते. हे सगळं मान्य. पण यातून निघतं ते इतकंच की आजाराच्या दिवसाची जोखीम मुकादमाच्याही खांद्यावर असता कामा नये. ती ज्याच्या गोदामात साखर जाते त्यानं घ्यावी.

आणि हे जमतं, याचा नमुना याच राज्यात आहे. हमाल रोज वेगळ्या गाळ्यावर काम करतो, त्याला एक मालक नाही, म्हणून त्याला रजा नाही, दवापाणी नाही, असंच पूर्वी म्हणत. १९६९ च्या माथाडी कायद्यानं मंडळं स्थापली, व्यापाऱ्यांकडून मजुरीवर लेव्ही घेतली आणि त्यातून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, भरपगारी रजा, उपचार मिळू लागले. अण्णासाहेब पाटील आणि बाबा आढाव यांनी त्यासाठी झगडे केले. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ झालेलं आहे, कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे हेही ठरलेलं आहे. या पैशातून वसतिगृहं व्हावीत, जरूर व्हावीत. पण पहिला हक्क आजाराच्या दिवसाचा आहे. नवरा-बायकोची नोंद वेगवेगळी व्हावी, बाईचं ओळखपत्र तिच्या नावाचं असावं, आणि तिच्या आजाराच्या दिवसाची मजुरी महामंडळानं भरावी. म्हणजे खाडा मुकादमाला बसणार नाही आणि तिलाही नाही.

हे दिवस निदानाआधीचेही धरले पाहिजेत, यावर मी अडून बसेन. ‘आजार सिद्ध झाल्यास’ अशी अट घातली की सिद्ध करण्यासाठी बाया पुन्हा तिथंच जातील, जिथून फाइल लवकर मिळते. तपासणीसाठी गेलेला दिवस आजाराचा दिवस मानला जावा. त्याला सरकारी दवाखान्यातला केसपेपर पुरे.

एक सावधगिरी मात्र हवी. हंगामाआधी आणि हंगामानंतर बायांची आरोग्य तपासणी व्हावी हे आता सगळेच म्हणतात. पण त्या तपासणीचा कागद मुकादमाच्या हातात गेला तर पुढच्या वर्षी उचल ठरवताना तो कागदच भाव पाडेल. मालकाला कळायला हवं ते एवढंच की बाई आज कामाला येऊ शकते की नाही, आणि नसेल तर किती दिवस. तिच्या पिशवीला काय झालंय हे तिनं सांगायचं तर नर्सताईला सांगावं, आशाताईला सांगावं. मुकादमाला ते कळण्याचं काही कारण नाही, शेतकी अधिकाऱ्याला तर अजिबातच नाही. बायांना बोलतं करायला निघालेल्यांनी हेही ध्यानात ठेवावं की गप्प राहणं हाही तिचा हक्क आहे, आणि तो वापरल्याबद्दल दंड होता कामा नये.

जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या उपस्थितीत ऊसतोड कामगारांच्या संघटना आणि साखर संघ यांची बोलणी झाली, आणि तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली. टनाला २७३ रुपयांचे ३६६ झाले. वाढ हवीच होती. मुकादमांचं कमिशनही त्याच बैठकीत वाढलं. पुढच्या करारासाठी दोन्ही बाजू बसतील तेव्हा दराचा आकडा पुकारण्याआधी त्यांनी एक कलम लिहून घ्यावं: आजाराच्या दिवसाचा खाडा घेतला जाणार नाही. संघटनांच्या नेत्यांनी हे कलम मागितलं नाही, तर त्यांच्या सभेला जाणाऱ्या बायांनी ते त्यांच्याकडे मागावं.