गरम पाण्याची धार बारीक झाली तर



थंडी सुरू झाली की एक तक्रार घरोघरी ऐकू येते. गिझर चालू आहे, पाणीही तापते, पण धार करंगळीएवढी! फजरच्या वुजूसाठी अब्बांना, दादींना नळापाशी थांबावे लागते. मुलांची आंघोळ होईपर्यंत शाळेची रिक्षा दारात येते. मग कोणी सांगतो, पंप बसवा. कोणी सांगतो, गिझर बदला. दोन्ही खर्च हजारांचे. म्हणून आमचे म्हणणे असे की, आधी धार अडते कुठे ते शोधावे आणि मगच पैसे काढावेत.

हे शोधायला एक बादली आणि मोबाईलमधले घड्याळ पुरते. एकच बादली आधी थंड नळाखाली भरा, मग गरम नळाखाली, आणि दोन्ही वेळा लिहून ठेवा. थंड पाणी जोरात आणि गरम हळू येत असेल, तर अडथळा गिझरच्या वाटेवर आहे. दोन्ही हळू येत असतील, तर गिझर निर्दोष आहे, टाकी किंवा पाइप तपासा.

साठवणीचा गिझर स्वतः पाणी ढकलत नाही. खालून थंड पाणी आत शिरते, तेच वरचे गरम पाणी बाहेर लोटते. म्हणजे आत येणारी वाट अरुंद झाली की बाहेरची धार आपोआप बारीक होते. वाट अरुंद होते ती बहुधा क्षारांमुळे. बोअरच्या जड पाण्यातले क्षार पाणी तापल्यावर खाली बसतात. चहाच्या पातेल्याच्या तळाशी पांढरा थर दिसतो, तोच प्रकार गिझरमध्ये घडतो.

म्हणून सोप्या गोष्टींपासून सुरुवात करा. गिझरखालचा अँगल कॉक पूर्ण उघडा आहे का? जोडणीची लवचिक नळी कुठे मुडपली आहे का? नळाच्या तोंडाची जाळी आणि शॉवरची चाळणी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, सकाळी जुन्या ब्रशने घासा. पुष्कळ घरांत काम इथेच संपते. जोडणी सोडवायची असेल तर मात्र आधी वीज बंद, मग पाणी बंद, आणि आतले पाणी थंड होईपर्यंत धीर. तापमान 55 ते 60 अंशांवर ठेवले तर क्षारही कमी साचतात.

टाकी धुतल्यानंतर किंवा रिकामी झाल्यानंतर धार गेली असेल, तर पाइपात हवा अडकलेली असते. गरम पाण्याचे सगळे नळ थोडा वेळ उघडे ठेवा, हवा फसफसत निघून जाते. नळातून पाणी सलग वाहू लागेपर्यंत गिझरचे बटण दाबू नका, कोरडी कॉइल जळते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. थंड पाणी आत येते तिथे एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. क्षारांनी तो जाम झाला की धार कमी होते, आणि काही कारागीर तो काढून साधा जोड बसवतात. धार वाढते, घरचे खूश होतात. पण 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापले की साधारण पाव लिटरने फुगते. त्या फुगलेल्या पाण्याचा दाब धोक्यापर्यंत गेला तर तो सोडून देण्यासाठीच हा व्हॉल्व्ह असतो. पाणी तापताना त्यातून थेंब गळत असतील तर गळू द्या, तिथे बूच मारू नका. सतत धार लागली किंवा व्हॉल्व्ह जाम झाला, तर नवा बसवून घ्या. फक्त काढून टाकू देऊ नका.

गॅस गिझरची गोष्ट वेगळी. त्यात वाहत्या पाण्याच्या जोराने गॅसची वाट उघडते. जोर कमी पडला की ज्योत पेटत नाही किंवा मधेच विझते. हे संरक्षण आहे, त्याच्याशी कोणालाही छेडछाड करू देऊ नये. पाणी येते तिथली जाळी साफ करा, सेल बदलून पाहा. आणि हा गिझर बंद बाथरूममध्ये कधीच नको. त्यातून निघू शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आंघोळ करणारा बेशुद्ध पडतो आणि बाहेर कोणाला कळतही नाही.

दोन्ही नळ हळू असतील तर टाकीची उंची पाहा. डब्याला वर-खाली तीन भोके पाडून पाणी भरले की खालची धार सर्वांत जोरात निघते, हा प्रयोग मुलांनी शाळेत केलेला असतो. 10 मीटर उंचीच्या पाण्याने दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे 1 किलो दाब पडतो. टाकी नळापासून 3 मीटरच वर असेल तर दाब त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. म्हणूनच गच्चीखालच्या मजल्यावर शॉवर रडतो. तिथे टाकी उंच करणे, टाकीपासून मोठ्या व्यासाचा स्वतंत्र पाइप आणणे, किंवा शेवटी छोटा प्रेशर पंप, हे उपाय आहेत. पंप बसवायचा तो आपल्या टाकीनंतर. नगरपालिकेच्या नळाला थेट मोटर लावणे म्हणजे शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढणे.

आणि गरज किती, हेही पाहावे. रसूलुल्लाह (स.) एका मुद पाण्यात वुजू करीत, असे हदीसमध्ये येते. म्हणजे जेमतेम पाऊण लिटर. तेव्हा धार दुरुस्त होईपर्यंत अब्बांसाठी एक लोटा गरम पाणी आधीच भरून ठेवले तरी त्यांची जमात चुकणार नाही.

हे सारे करताना मुलामुलींना शेजारी उभे करा. सेफ्टी व्हॉल्व्ह कोणता आणि विजेचे बटण कुठले, हे घरातल्या प्रत्येकाला दाखवता आले पाहिजे.