दम्याचा घरगुती हिशेब

विजयदुर्गच्या चिरेबंदी घरांत चार महिने पाऊस मुरतो, भिंतींना बुरशी धरते, चुलीत ओली सोडणे धुमसतात. पुढे गणपती येतात. माळ्यावरच्या गोधड्या खाली उतरतात, धूप पेटतो, रात्री डासांसाठी कॉइल. अशा एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. दमेकरी मुलाला मात्र आपण रागावतो ते ताक प्यायल्याबद्दल!

अर्थशास्त्राच्या अध्यापकास खटकते ती येथील काटकसर. श्वास मोकळा झाला की रोजचा स्टेरॉइडचा पंप बंद होतो, आणि 'सवय लागेल' ही भीती त्या काटकसरीस प्रतिष्ठा देते. वास्तविक श्वासनलिकेची सूज आवरतो तो हाच पंप. तात्काळ आराम देणारा दुसरा पंप आकसलेल्या नळ्या तेवढ्या पसरवितो. मोठ्यांनी व किशोरांनी नुसत्या त्या दुसऱ्यावर विसंबू नये, असे 'जिना' हा जागतिक दमा-उपक्रम २०१९ पासून बजावीत आहे. वाचविलेले पैसे मग मध्यरात्री देवगडच्या रिक्षाभाड्यात जातात. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने सिलिंडर आणला खरा. पण आंघोळीच्या पाण्यासाठी मागील दारी चूल पेटतेच. ती मुलाच्या खिडकीखालून हलविण्यास तर एक पैसाही पडत नाही.