विश्लेषण : खनिज आपले, चुंबक परका, शुद्ध धातू बनवण्यात घोडे कुठे अडले?

नागपूरच्या नंदनवनसारख्या वस्त्यांमध्येही आता ई-स्कूटर रोजची झाली आहे. या गाड्यांच्या मोटरमध्ये सहसा निओडिमियम या धातूचा चुंबक असतो आणि तो बहुतांशी चीनमधून येतो. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले. त्यानंतर पुण्याच्या ‘बजाज ऑटो’ला ‘चेतक’चे उत्पादन कमी करावे लागले.

खनिज आहे, मग अडचण कोणती?

अणुऊर्जा विभागाच्या अंदाजानुसार देशातील मोनाझाइट वाळूत सुमारे ७२.३ लाख टन दुर्मीळ मृदा ऑक्साइड आहे. ‘आयआरईएल’ ही सरकारी कंपनी ओडिशा व केरळमधील प्रकल्पांत ते वेगळे करते. मात्र चुंबकासाठी ऑक्साइड नव्हे, धातू लागतो. निओडिमियम ऑक्सिजनला इतके घट्ट धरून असते, की लोखंडासारखी कोळशाची भट्टी इथे उपयोगी पडत नाही. पाण्यातील द्रावणातून वीज सोडली, तर धातू सुटण्याआधी पाण्याचेच विघटन होऊन हायड्रोजन बाहेर पडतो.

वितळलेल्या क्षारांचे तंत्र काय आहे?

इथे पाण्याची जागा वितळलेले क्षार घेतात. लिथियम आणि निओडिमियमचे फ्लोराइड सुमारे १०५० अंश सेल्सिअसला वितळवून त्यात निओडिमियम ऑक्साइड विरघळवले जाते. वीज सोडल्यावर ऑक्सिजन ग्रॅफाइटच्या धनाग्राकडे जातो आणि कार्बनशी संयोग पावून वायुरूपाने निघून जातो. ऋणाग्रावर सुटलेला वितळता धातू ठिबकत तळाशी जमा होतो.

नागपूरला हे नवे आहे का?

तत्त्व नवे नाही. ॲल्युमिनियम १८८६ पासून याच पद्धतीने बनते. ॲल्युमिना वितळायला दोन हजार अंशांहून अधिक तापमान लागते, पण वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ते सुमारे ९६० अंशांना विरघळते. या धातूवर संशोधन करणारे केंद्रीय खाण मंत्रालयाचे जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र नागपूरजवळ वाडी येथेच आहे.

मग अवघड काय?

पहिला प्रश्न शुद्धतेचा. ऑक्सिजन किंवा कार्बनचा थोडा अंश राहिला, तरी चुंबकाची ताकद घटते. तप्त फ्लोराइड भांड्यालाच खाऊ लागते. ऑक्साइड टाकण्याचे प्रमाणही सांभाळावे लागते. जास्त पडले तर ते न विरघळता तळाशी बसते. कमी पडले तर फ्लोरीन कार्बनशी जोडला जाऊन कार्बन टेट्राफ्लोराइड तयार होतो. हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारो पटींनी अधिक उष्णता धरून ठेवतो. ही नजर आणि हात वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार होतात. चीनने तो सराव प्रचंड प्रमाणावर केला, त्यामुळे त्याच्या दराशी स्पर्धा करणे कठीण जाते.

सरकार काय करत आहे?

‘आयआरईएल’च्या विशाखापट्टणम येथील प्रकल्पाचे मे २०२३ मध्ये लोकार्पण झाले. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्यातून आलेल्या तंत्राने समॅरियम-कोबाल्ट चुंबक बनतात. मात्र क्षमता वर्षाला अवघी ३००० किलो. केंद्रीय मंत्रिमंडळाने २६ नोव्हेंबर २०२५ रोजी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यातून वर्षाला ६,००० टन चुंबकांची क्षमता उभी करायची आहे. ऑक्साइडपासून धातू, धातूपासून मिश्रधातू आणि मग चुंबक अशी सगळी साखळी त्यात धरली आहे. पहिली दोन वर्षे कारखाने उभारणीसाठी आहेत.

पुढे कशाकडे लक्ष हवे?

साखळीतील कच्ची कडी धातूचीच आहे. धातू बाहेरून आणून इथे फक्त चुंबक घडवले, तर परावलंबन एक पायरी मागे सरकेल, संपणार नाही. म्हणून कारखान्यांच्या भूमिपूजनापेक्षा, देशातील भट्ट्यांतून किती टन धातू निघतो, तो किती शुद्ध असतो आणि काय भावाने पडतो, यावरच या योजनेचे यश मोजावे लागेल.