‘गोळ्या परवडतात का?’ हा प्रश्न मी विचारायला हवा होता

माझे एक जुने पेशंट आहेत. वय ५६, टेलरिंगचं छोटं दुकान. आठ वर्षांपासून बीपी आणि शुगर. दर दोन-तीन महिन्यांनी यायचे. मी बीपी तपासायचो, ते कधी बरं असायचं, कधी वाढलेलं. मी विचारायचो, "गोळ्या नियमित घेता ना?" ते मान हलवायचे, "हो डॉक्टर." मग मी मीठ कमी खा, चाला, टेन्शन घेऊ नका असं सांगायचो आणि तीच चिठ्ठी पुढे चालू ठेवायचो.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी कापड कापताना त्यांच्या उजव्या हातातून कात्री गळून पडली. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं. पॅरालिसिसचा अटॅक होता. जीव वाचला, पण उजवा हात अजून शिलाई मशीनवर नीट चालत नाही.

नंतर वहिनी गोळ्यांची पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या. महिन्याच्या गोळ्या त्या घरात दोन महिने पुरवल्या जात होत्या. एक दिवस गोळी, एक दिवस सुट्टी. मुलीची कॉलेजची फी भरायची होती. "तुम्हाला सांगायची लाज वाटायची त्यांना," वहिनी म्हणाल्या.

आठ वर्षांत मी या माणसाला "नियमित घेता ना?" असं कितीतरी वेळा विचारलं. "परवडतात का?" असं एकदाही विचारलं नाही. आजचा लेख त्याबद्दल आहे आणि त्यात मी स्वतःला वगळणार नाही.

खर्च म्हणजे फक्त ऑपरेशन नव्हे

उपचारांच्या खर्चाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर मोठं हॉस्पिटल, आयसीयू आणि लाखांचं बिल येतं. ती बिलं खरी आहेत आणि ती घरं उद्ध्वस्त करतात, यात वाद नाही. पण मी रोज ओपीडीत बसतो. मला दिसणारी गळती वेगळी आहे. ती महिन्याच्या महिन्याला होते, बिल हजार-दोन हजारांचं असतं, म्हणून त्याची बातमी होत नाही. बीपी, शुगर, थायरॉईड, दमा, सांधेदुखी हे आजार एकदा घरात आले की भाड्यासारखे दर महिन्याला पैसे मागतात. तेही आयुष्यभर.

या काकांचं बिल मी नंतर मांडून पाहिलं. महिन्याला १,५६० रुपये. घरखर्च साधारण पंधरा हजार. जागतिक आरोग्य संघटना घरखर्चाच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम खिशातून आरोग्यावर जाऊ लागली की तो खर्च त्या घराला झेपण्यापलीकडचा मानत असे. म्हणजे कोणी ऑपरेशन टेबलवर झोपलेलं नसताना, कोणी एक रात्रही ॲडमिट नसताना, हे कुटुंब ती रेषा ओलांडून बसलं होतं. आणि ओलांडायला लावणारी चिठ्ठी माझी होती.

"विमा काढा" हे अर्धंच उत्तर

खर्चाची तक्रार केली की हमखास ऐकू येतं, "मेडिक्लेम काढून ठेवा." जरूर काढा. पण विमा नेमका कशाला पैसे देतो ते समजून घ्या. बहुतेक पॉलिसी तुम्ही ॲडमिट झालात तर पैसे देतात. ओपीडीची फी, रक्ताच्या तपासण्या आणि रोजच्या गोळ्या सहसा त्यात नसतात. आधीपासून असलेल्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. पॉलिसीतली खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली, तर इतर खर्चातही त्याच प्रमाणात कपात होऊ शकते.

सरकारी योजनांचंही तसंच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या योजनांनी अनेकांचे जीव आणि घरं वाचवली आहेत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचं संरक्षण ही लहान गोष्ट नाही. पण त्या मुख्यतः हॉस्पिटलमध्ये दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत.

आमच्या काकांचा हॉस्पिटलचा बहुतेक खर्च योजनेतूनच झाला. आता याचा अर्थ पाहा. बीपीच्या गोळीसाठी या माणसाला कुठूनही पैसे मिळाले नाहीत. ती गोळी चुकल्यामुळे पॅरालिसिस झाला, तेव्हा मात्र हजारो रुपये मिळाले. पूर येऊ न देण्यासाठी एक पैसा नाही आणि पूर आल्यावर मदतीची गाडी, असा हा प्रकार आहे. यात माणसाचं नुकसान आहेच, सरकारी तिजोरीचंही आहे.

गोळी महाग का पडते?

गोळी बनवायला फार खर्च येतो म्हणून ती महाग आहे, असा अनेकांचा समज असतो. बीपी-शुगरच्या नेहमीच्या औषधांबाबत तो चुकीचा आहे. मेटफॉर्मिन, अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, अॅटोर्व्हास्टॅटिन ही पेटंट केव्हाच संपलेली औषधं आहेत. ती डझनावारी कंपन्या बनवतात. मग किंमत कुठे वाढते?

पहिली जागा, नियमातली फट. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार अत्यावश्यक औषधांच्या यादीतल्या औषधांना कमाल किंमत ठरवून दिली जाते. पण ती किंमत औषध बनवायला किती खर्च येतो यावर ठरत नाही. बाजारात एक टक्का किंवा जास्त वाटा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी काढायची आणि त्यात दुकानदाराचे १६ टक्के मिळवायचे, अशी ती पद्धत आहे. बाजारच महाग असेल तर सरासरीही महागच येणार. शिवाय दोन-तीन औषधं एकत्र केलेल्या अनेक गोळ्या या यादीत नसतात. यादीबाहेरच्या औषधाची छापील किंमत कंपनी वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते.

दुसरी जागा, ब्रँड. औषध तेच, पण नावानुसार किंमत दुप्पट-चौपट. या फरकातला मोठा भाग ते नाव डॉक्टरच्या डोक्यात बसवण्यासाठी खर्च होतो. प्रतिनिधी, भेटवस्तू, परिषदा हे सगळं शेवटी तुमच्या स्ट्रिपच्या किमतीतून वसूल होतं.

तिसरी जागा, आमचं पेन. बाकी कुठल्याही बाजारात वस्तू निवडतो तोच पैसे देतो. साडी घेताना तुम्ही चार दुकानं फिरता. औषधात निवड मी करतो आणि पैसे तुम्ही देता. मला ती गोळी केवढ्याला पडते हे माहीत असण्याची गरजच नसते. खरं सांगतो, अनेक डॉक्टरांना ते माहीत नसतं. मलाही नव्हतं.

काकांच्या १,५६० रुपयांपैकी सहाशेच्या आसपास रक्कम एक मल्टिव्हिटॅमिन आणि एक ॲसिडिटीची गोळी यांवर जात होती. दोन्ही मी कधीतरी महिनाभरासाठी लिहिल्या होत्या. त्या थांबवायचं कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. आणि काका बिचारे काटकसर करताना सगळ्याच गोळ्या सारख्या कापत होते. कुठली गोळी मेंदू वाचवते आणि कुठली नुसती चिठ्ठी लांबवते, हे त्यांना कसं कळणार? ते सांगणं माझं काम होतं.

या दोन गोळ्या काढून बाकीची जुनी औषधं जनऔषधी केंद्रातून आणवली. महिन्याचा खर्च अडीचशेच्या आत आला. तेवढे पैसे त्या घरात होते. पॅरालिसिस होण्याआधीही होते.

"स्वस्त औषध चालतं का डॉक्टर?"

हा प्रश्न मला रोज येतो, आणि तो रास्त आहे. आपल्याकडे औषधांच्या दर्जाची तपासणी जितकी कडक हवी तितकी नाही, हे मान्य करायला हवं. पण मोठा ब्रँड म्हणजे दर्जाची हमी, असंही नाही. तुमच्या घरातली एखादी स्ट्रिप उलटून बघा. विक्री करणारी कंपनी एक आणि बनवणारा कारखाना दुसराच, असं बऱ्याचदा दिसेल. एकच कारखाना अनेक कंपन्यांसाठी गोळ्या बनवतो. जनऔषधी केंद्रांना पुरवठा होणाऱ्या औषधांची प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासली जाते.

बीपी आणि शुगरच्या बाबतीत खात्री करणं सोपंही आहे. औषध बदलल्यावर दोन ते चार आठवड्यांत बीपी मोजा, शुगर तपासा. आकडे नियंत्रणात असतील तर गोळी काम करते आहे. मात्र फिट्स, थायरॉईड, रक्त पातळ करणारी काही औषधं आणि अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं यांचा ब्रँड डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही बदलू नका.

एक सावधगिरी. साध्या मेडिकलमध्ये नुसतं "जेनेरिक द्या" म्हटल्याने पैसे वाचतीलच असं नाही. काही जेनेरिक गोळ्या दुकानदाराला अगदी कमी किमतीत मिळतात, पण छापील किंमत ब्रँडच्या जवळपास असते. मधला फायदा तुम्हाला मिळत नाही. म्हणून नाव नको, किंमत विचारा.

आम्ही डॉक्टर आणि सरकार

डॉक्टरांनी औषधांची जेनेरिक नावं सुवाच्य अक्षरात लिहावीत, हे आमच्या आचारसंहितेत २०१६ पासून आहे. २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कडक नियम आणले. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि त्याच महिन्यात ते नियम स्थगित झाले. विरोधातले काही मुद्दे खरे होते. दर्जा तपासायची यंत्रणा नसताना निवड दुकानदाराच्या हाती जाईल, ही भीती खोटी नाही. पण मग आम्ही रस्त्यावर येऊन "दर्जा तपासा, तपासनीस नेमा, प्रयोगशाळा उभारा" असं तितक्याच जोरात का म्हणालो नाही? स्थगिती मिळाल्यावर आम्ही गप्प बसलो. ते गप्प बसणं आम्हाला सोयीचं होतं.

सरकारचा हिशेबही मांडू. २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के लोकांच्या खिशातून जात होता. २०२१-२२ मध्ये ते प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आलं. ही सुधारणा आहे, ती नाकारू नये. तरीही त्या वर्षी आरोग्यावरच्या प्रत्येक शंभर रुपयांतले एकोणचाळीस तुम्ही थेट खिशातून देत होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या २.५ टक्के करण्याचं ठरवलं होतं. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. निर्णय उत्तम. पण खिडकीवर "गोळ्या संपल्या, बाहेरून घ्या" असं ऐकू आलं, तर तो मोफतपणा कागदावर राहतो. एका चकरेसाठी टेलरचा दिवस बुडतो आणि मग तो जातच नाही. हे अशक्य काम नाही. तमिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी वेगळं महामंडळ स्थापन करून राज्यभरासाठी एकत्र खरेदी सुरू केली. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषध योजना आणली. आपलं राज्य त्यांच्यापेक्षा गरीब नाही. निवडणुकीत तुमच्या दारात येणाऱ्याला हा एक प्रश्न जरूर विचारा: आमच्या आरोग्य केंद्रात बीपीची गोळी बाराही महिने का मिळत नाही?

तुम्ही आज काय करू शकता

• पुढच्या वेळी घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. विचारा, "यातली कुठली आयुष्यभर लागेल आणि कुठली आता बंद करता येईल?"

• स्पष्ट सांगा, "डॉक्टर, मला महिन्याला इतकेच परवडतात." यात लाज कसली? ॲलर्जी सांगता, तसंच हे सांगा. उपचार ठरवायला ही माहिती मला तितकीच लागते.

• पैसे कमी असतील तर स्वतःच्या मनाने गोळ्या एक दिवसाआड करू नका. बीपी आणि शुगर दुखत नाहीत, त्यामुळे चूक कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

• चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा आणि जवळच्या जनऔषधी केंद्रात किंमत विचारा.

• तपासणी लिहून दिली की विचारा, "रिपोर्ट कसाही आला तरी उपचार बदलणार आहे का?" उत्तर "नाही" असेल, तर ती थांबू शकते. ऐंशी तपासण्यांच्या स्वस्त पॅकेजला भुलू नका. त्यातून एखादा किरकोळ वर-खाली आकडा निघतो आणि पुढच्या खर्चाची रांग लागते.

• हॉस्पिटलमध्ये दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावणं महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. ती वाचा. दिसली नाही तर मागा.

काका आता डाव्या हाताने बटणं लावायचा सराव करतात. परवा आले होते. बीपी १२८/८०. मी चिठ्ठी लिहिली आणि विचारलं, "या महिन्याचं बिल किती झालं?" त्यांनी खिशातून पावती काढून टेबलावर ठेवली. आता हा प्रश्न मी प्रत्येक पेशंटला विचारतो. तुमचा डॉक्टर विचारत नसेल, तर पावती तुम्हीच त्याच्यासमोर ठेवा.