सर्व्हर सुरू, खोळंबा कायम

अहिल्यानगर जिल्ह्याच्या बोलीत गेल्या काही वर्षांत जे इंग्रजी शब्द कायमचे रुजले, त्यांत ‘सर्व्हर डाऊन’ या जोडीचा मान फार वरचा आहे. सातबाऱ्याचा उतारा असो, फेरफाराची नोंद असो वा शिधापत्रिकेवरचे धान्य असो; खिडकीपलीकडून हे दोन शब्द उच्चारले गेले की अलीकडच्या माणसाचे बोलणे तेथेच खुंटते. चूक कोणाची, ती कधी दुरुस्त होणार आणि तोवर त्याने काय करावे, यांपैकी कशाचेही उत्तर या शब्दांत नसते. तरीही ते उत्तर म्हणून स्वीकारले जाते. जणू ही गारपिटीसारखी अस्मानी आपत्तीच! वस्तुतः तिचा बराचसा भाग सुलतानी असतो. सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्राचा मूळ कारभार पाहणारी प्रणाली, बदलल्यानंतर उद्भवणारा खोळंबा तर पूर्णपणे सुलतानी होय. शुक्रवारी चालत असलेले काम सोमवारी अडते, तेव्हा मधल्या दोन दिवसांत कोणीतरी काहीतरी बदललेले असते.

हा बदल करूच नये, असे मात्र कोणीही सुज्ञ म्हणणार नाही. प्रत्येक आवृत्तीचे आयुष्य ठरलेले असते आणि ते संपले की तिच्यातील छिद्रे बुजवणारा कोणी उरत नाही. असंख्य सर्व्हरांवर वापरल्या गेलेल्या सेंटओएस ७ या प्रणालीचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला. विंडोज सर्व्हर २०१२ चा १० ऑक्टोबर २०२३ रोजी. अशा यंत्रांना कवटाळून बसण्याची किंमत जगाने मे २०१७ मध्ये मोजली. ‘वॉनाक्राय’ने ज्या छिद्रातून प्रवेश केला, ते बुजवण्याची सामग्री मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिली होती, ज्यांनी ती लावली नाही, त्यांना फटका बसला आणि त्यांत ब्रिटनमधील रुग्णालयेही होती. सहकाराच्या जिल्ह्याने तर २०२४ च्या जुलैअखेरचा प्रसंग विसरता कामा नये. लहान बँकांना संगणकसेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर सायबर हल्ला झाला, राष्ट्रीय पेमेंट्स कॉर्पोरेशनने तिला आपल्या जाळ्यातून तात्पुरते तोडले आणि देशातील सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांच्या देयकसेवा अडल्या. तेव्हा आवृत्ती बदलणे हा चोखंदळपणा नव्हे, ते कर्तव्यच आहे. प्रश्न ते कसे पार पाडले जाते, हा आहे.

आपल्याकडे यंत्र पुन्हा सुरू झाले, हिरवा दिवा लागला की ‘श्रेणीवाढ यशस्वी’ असा शेरा मारला जातो. परंतु खरे दोष या दिव्याखालच्या अंधारातच दडलेले असतात. त्यांपैकी एक उदाहरण बोलके आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये लिनक्सच्या जीलिबसी या पायाभूत संचाची २.२८ ही आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर अक्षरांची क्रमवारी लावण्याचे नियम बदलले. पोस्टग्रेससारखे डेटाबेस आपली सूची याच नियमांवर बेतत असल्याने जुन्या क्रमाने लावलेल्या सूचीत नव्या क्रमाने शोध सुरू झाला. एका क्रमाने रचलेल्या दप्तरात दुसऱ्याच क्रमाने कागद हुडकावा, तसा हा प्रकार! कागद कपाटात आहे; कारकून मात्र प्रामाणिकपणे सांगतो की तो नाही. एवढेच नव्हे, तर जी नोंद एकदाच असायला हवी, ती ‘सापडत नाही’ म्हणून दुसऱ्यांदा घेतली जाण्याचाही धोका. यंत्र कोणतीही तक्रार करीत नाही, दिवा हिरवाच राहतो. उपाय सोपा आहे: सूची नव्याने बांधणे. पण रोग ओळखल्याशिवाय उपाय सुचणार कसा?

दुसरा दोष याच्या उलट जातीचा. नव्या प्रणाली सुरक्षिततेसाठी टीएलएस १.० व १.१ हे जुने सांकेतिक करार नाकारतात आणि ते योग्यच आहे. २०२१ मध्ये इंटरनेटच्या मानक मंडळानेही ते बाद ठरवले. परिणाम असा की मुख्यालयातील नवा संगणक सर्व्हरशी सुखेनैव बोलतो आणि आडगावच्या कार्यालयातील दहा वर्षांचा संगणक बोलूच शकत नाही. वरून पाहणाऱ्यास सर्व्हर निर्दोष दिसतो. खालून पाहणाऱ्यास तो मेलेला असतो. दोघेही खरे बोलत असतात, आणि म्हणूनच दोघांचे भांडण मिटत नाही.

अशा वेळी दोष शोधण्याची एक शिस्त आहे आणि ती जाणकार वैद्याच्या शिस्तीहून वेगळी नाही. प्रथम विचारायचे ते ‘काय बिघडले’ असे नव्हे, तर ‘काय बदलले’ असे. त्यासाठी बदलापूर्वीची स्थिती लिहून ठेवलेली हवी: कोणत्या सेवा चालू होत्या, कोणत्या आपोआप सुरू होत, कोणाला कोणते अधिकार होते, जोडणीचे नाव काय होते. यंत्र स्वतः जी रोजनिशी लिहिते, ती वाचायला हवी. बहुतेक दोषांचा पहिला कबुलीजबाब तेथेच असतो. मग एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची आणि तिचा परिणाम नोंदवायचा. प्रत्यक्षात मात्र यंत्र बंद करून पुन्हा चालू करणे, सर्वांना सर्व अधिकार देऊन टाकणे, सुरक्षेची भिंतच पाडणे असे अघोरी उपाय एकदम योजले जातात. त्यांतील एखादा लागू पडतो. कोणता, ते कळत नाही. आणि बाकीचे नव्या रोगाचे बीज पेरून जातात. दुखणे म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, हेच खरे.

परतीच्या वाटेचा विचारही आधीच व्हावा लागतो. जुन्या स्थितीची प्रत जपून ठेवली म्हणजे केव्हाही मागे फिरता येते, हा भ्रम आहे. नव्या यंत्रणेवर पहिला फेरफार नोंदला गेला की मागे फिरणे म्हणजे तो फेरफार पुसणे होय. म्हणून कोणत्या तासापर्यंत दोष न सुटल्यास माघार घ्यायची, हे बदल सुरू करण्यापूर्वी कागदावर ठरले पाहिजे. लोक रांगेत उभे असताना घेतलेला निर्णय बहुधा चुकीचाच ठरतो.

येथे लोकांचा प्रश्न येतो, आणि तोच मुख्य आहे. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा असा हा जिल्हा. एका टोकाला अकोल्याचा सह्याद्री, दुसऱ्या टोकाला जामखेड. तालुक्याला येण्यात ज्याचा दिवस आणि रोजगार बुडतो, त्याला ‘उद्या या’ हे शब्द फुकट पडत नाहीत. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला, ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. या सोयींनी खेपा वाचवल्या, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु हस्तलिखित दप्तर मागे पडल्यामुळे यंत्र अडले की दुसरी वाटही उरत नाही. फेरफारावर हरकत घेण्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने १५ दिवस दिले आहेत. त्यांतील पाच दिवस यंत्रणा बंद राहिली, तर ते कोणाच्या खात्यावर मांडायचे? पिकाची नोंद वेळेत झाली नाही, तर नुकसानभरपाईच्या वेळी शेतकऱ्याने सर्व्हरला साक्षीस बोलवायचे काय?

ब्रिटनमधील टीएसबी या बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपला सारा संगणकीय कारभार नव्या यंत्रणेवर नेला आणि सुमारे १९ लाख ग्राहक आपल्याच खात्यांबाहेर अडकले. तेथील नियामकांनी २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला आणि २०२३ मध्ये तिच्या तत्कालीन मुख्य माहिती अधिकाऱ्यालाही ८१,६२० पौंड भरावयास लावले. यंत्राला दंड करता येत नाही, हे तेथे ओळखले गेले. आपल्याकडे ते ओळखण्यास कोणाची हरकत आहे?

मागण्या अवास्तव नाहीत. पीककर्जाच्या व पीकपाहणीच्या हंगामात असा बदल करू नये. तो करण्यापूर्वी खऱ्या माहितीच्या प्रतीवर रंगीत तालीम व्हावी आणि त्या तालमीत मुख्यालयातील नव्याकोऱ्या संगणकाबरोबर जिल्ह्यातील सर्वांत जुना संगणक व सर्वांत मंद जोडणी यांनाही भूमिका मिळावी. बंद राहण्याची तारीख व वेळ चावडीवर आधी लागावी. यंत्रणा जितके दिवस बंद, तितके दिवस प्रत्येक कायदेशीर मुदत आपोआप वाढावी. त्यासाठी नागरिकाला अर्ज करावा लागू नये. आणि काम पुन्हा सुरळीत झाल्यावर काय बदलले, काय बिघडले व ते कसे दुरुस्त झाले, याचा एक पानी अहवाल मराठीत प्रसिद्ध व्हावा. त्यावाचून एका तालुक्यात कमावलेले शहाणपण दुसऱ्या तालुक्यात पोहोचत नाही आणि पुढच्या खेपेस पुन्हा येरे माझ्या मागल्या!

जमीन महसुलाच्या व्यवस्थेसाठी आजही ज्याचे नाव घेतले जाते, तो मलिक अंबर याच निजामशाहीचा वजीर होता. चार शतके लोटली. दप्तरे बदलली, लिपी बदलल्या, तलाठ्याचा आता ग्राम महसूल अधिकारी झाला, जिल्ह्याचेही नाव २०२४ मध्ये बदलले. या प्रत्येक बदलातून टिकायला हवी होती ती एकच गोष्ट: आपली जमीन आपल्या नावावर आहे, हा कुणब्याचा विश्वास. सर्व्हरवरची प्रणाली बदलणाऱ्यांच्या हाती हाच विश्वास सोपवलेला असतो. म्हणून श्रेणीवाढ पूर्ण झाल्याचा शेरा हिरवा दिवा पाहून मारू नये. रांगेतील शेवटचा माणूस उतारा घेऊन घरी गेल्यावर मारावा.